कुळ आणि कूळ : वंशावळीच्या वाङ्मयाचा एक विचार

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक वाङ्मयप्रकार आहे. विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन घराण्यांनी, तो मोठ्या चिकाटीने जोपासला. आपल्या समीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही. घरगुती हौस म्हणून तो बाजूला ठेवला. हे बरोबर झाले नाही. ज्या समाजात माणसाची किंमत जन्मावरून ठरवली गेली, त्या समाजात जन्माचा हिशेब मांडणारे लेखन निरुपद्रवी असूच शकत नाही. त्याची तपासणी व्हायला हवी, आणि ती ज्यांचा हिशेब कोणी मांडला नाही त्यांच्या बाजूने व्हायला हवी.

कुलवृत्तांताची घडण ठरलेली असते. प्रथम मूळ पुरुष, मग गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव. त्यानंतर घराणे कोकणातून वर घाटावर किंवा मुंबईला कधी आणि का गेले, कोणाला कोणते इनाम मिळाले, कोणी देऊळ बांधले, किती शाखा झाल्या. शेवटी वंशवृक्ष. त्यात मुलगे फांद्या होतात. सुना नवऱ्याच्या नावापुढे माहेरच्या आडनावासह येतात आणि लेकी लग्नानंतर झाडावरून उतरतात. या लेखनामागे कष्ट आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हे कष्ट ज्या साधनांवर उभे आहेत ती साधने पाहा. सनदा, इनामपत्रे, खोतीचे कागद, वाटणीपत्रे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. एकूण एक साधन मालमत्तेच्या किंवा धर्माधिकाराच्या पोटी जन्मलेले आहे. जमीन होती म्हणून कागद झाला, कागद होता म्हणून पूर्वज सापडला. तेव्हा कुलवृत्तांताचा मूळ पुरुष हा घराण्याचा पहिला माणूस नव्हे. कागदावर आलेला तो पहिला मालक आहे.

आपल्या भाषेत एक शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. कुळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसून खंड भरणारा माणूस. विभक्तीचा प्रत्यय लागला की दोन्हींचे रूप एकच होते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत हा शब्द उच्चारला तर लोकांना आधी दुसरा अर्थ आठवतो. एका कुळाला वृत्तांत मिळाला, दुसऱ्या कुळाच्या वाट्याला सातबाऱ्यावरची एक नोंद आली, आणि तीही कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवल्यावर टिकली तर टिकली. ज्या कातकऱ्याला कूळ म्हणूनही जमीन मिळाली नव्हती, त्याला ती नोंदही नाही. वंशावळीचा प्रश्न या दोन तालुक्यांत उभा करायचा तो यासाठी.

वंशावळीला या मुलखात तोटा नाही. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढता येतो. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, कुमार आणि महारठी अशी नावे त्यांच्यावर कोरलेली होती. आज मूर्ती नाहीत. पावलांच्या खुणा आणि नावे उरली आहेत. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या वंशावळींपैकी ही एक. याच लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि त्याच रांगेत एक गाव. गाव दिले म्हणजे गावातली माणसेही दिली. राजघराण्याला नाव आहे, दिलेल्या गावातल्या माणसाला आकडाही नाही. वंशावळ आणि दानपत्र एकाच लेण्यात असावेत हा योगायोग नव्हे. दोन्हींचा व्यवहार एकच आहे.

दोन हजार वर्षांनी या भागाचा हिशेब पुन्हा लिहिला गेला. १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड दोन भागांत निघाला. संपादक होता जेम्स कॅम्पबेल, स्कॉटलंडचा माणूस. त्याचे वडील जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल हे नामांकित धर्मशास्त्रज्ञ, जन्माने आर्गाइल प्रांतातले. म्हणजे संपादकाच्या घराण्याला गाव, प्रांत, चर्चचे दप्तर, सगळे होते. त्याने संपादित केलेल्या खंडात कातकरी, ठाकूर, कोळी, महार यांची वर्णने आहेत. ते काय खातात, काय नेसतात, कोणाला पुजतात, किती आहेत. त्या ग्रंथाची उपयुक्तता मी नाकारीत नाही. आजही त्याच्यावाचून आपले चालत नाही. परंतु त्यात आपण नमुना म्हणून आहोत, माणूस म्हणून नाही. जातीला प्रकरण मिळाले, जातीतल्या कोणाला नाव मिळाले नाही.

याच आर्गाइल प्रांतातून १७३९ साली साडेतीनशेच्या आसपास डोंगरी स्कॉट माणसे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीच्या खोऱ्यात उतरली. त्यांचे वंशज आज आपली घराणी शोधतात आणि ती त्यांना बरीच सापडतात. जमिनीची दानपत्रे आहेत, चर्चच्या नोंदी आहेत, मृत्युपत्रे आहेत. १७७३ नंतरच्या दोनतीन वर्षांत तर देश सोडणाऱ्यांची नावे, वये, धंदे आणि जाण्याची कारणे ब्रिटिश सरकारने बंदरांवर लिहवून घेतली. हे लोकही गरिबीने आणि वाढत्या खंडाने घराबाहेर पडलेले होते. त्यांच्या दुःखाला हसण्याचे कारण नाही. पण पुढे त्यांतल्या अनेकांनी गुलाम बाळगले. घराण्याच्या ज्या मृत्युपत्रात आजचा वंशज आपला खापरपणजा शोधतो, त्याच मृत्युपत्रात गुरे, भांडी, अंथरुणे यांच्या सोबत काळ्या माणसांची नुसती पहिली नावे वाटून दिलेली असतात. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांचे स्वतंत्र तक्ते होते. त्यात मालकाचे नाव लिहीत आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि रंग. गुलामीतून सुटलेल्यांची नावे देशभर लिहिली गेली ती १८७० साली. त्यामुळे काळ्या अमेरिकनाचा शोध १८७० च्या भिंतीवर आपटतो. भिंत ओलांडायची तर मालकाच्या वंशावळीत शिरावे लागते. पुष्कळांच्या अंगावर आडनावही मालकाचेच, स्कॉटिश वळणाचे.

ॲलेक्स हेली याचे ‘रूट्स’ १९७६ साली आले आणि त्याने ही भिंत फोडल्याचा दावा केला. कुंटा किंटे या पूर्वजापर्यंत, गांबियातल्या जुफुरे गावापर्यंत तो पोचला. दुसऱ्याच्या कादंबरीतले उतारे घेतल्याबद्दल १९७८ मध्ये त्याला न्यायालयाबाहेर तडजोड करावी लागली, आणि पुढे वंशावळीच्या अभ्यासकांनी त्याच्या दाखल्यांत मोठ्या फटी दाखवल्या. त्या टीकेत तथ्य आहे. तरीही त्या पुस्तकाच्या यशाचे कारण दाखल्यांत नव्हते. गोऱ्यांनी लिहिलेल्या यादीत जो केवळ वय आणि रंग होता, त्याला आई, गाव आणि भाषा मिळाली, ही गोष्ट लाखो लोकांना स्वतःची वाटली. हेलीची खरी चूक वाङ्मयीन आहे. त्याने मालकांच्या कुलवृत्तांताचाच आराखडा उचलला. त्यालाही एक ताठ मानेचा, पराक्रमी मूळ पुरुष हवा होता.

हा मोह आपल्याकडेही आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहिले. आपले पूर्वज सोमवंशी क्षत्रिय होते, अमुक राजाचे वंशज होते, असे सिद्ध करू पाहणाऱ्या पुस्तिका आपल्या समाजात पूर्वीही निघाल्या आणि आजही निघतात. शौर्याचा इतिहास सांगणे वेगळे आणि शौर्यामुळेच आपण माणूस ठरतो असे मानणे वेगळे. पूर्वज राजा नसता तर नातवाचा अपमान योग्य ठरला असता काय? हा प्रश्न त्या पुस्तिका विचारीत नाहीत.

आता शहापूर-मुरबाडमधल्या एखाद्या महार कुटुंबाची वंशावळ कशी सापडते ते पाहू. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवालबुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर असते. आणि महार वतनाचे कागद असतात, त्यांत वारस म्हणून नावे असतात. महाराने गावचा सारा तालुक्याला पोचवावा, शिवेचा तंटा झाला तर हद्द दाखवावी, मयताची खबर परगावी न्यावी. साऱ्या गावाच्या वंशावळीची बातमी पायी वाहणारा तो. त्याचे स्वतःचे नाव कागदावर चढले ते वेठीच्या दोरीने बांधले गेल्यामुळे. ही दोरी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडले; वतन कायद्याने गेले ते १९५९ साली. आज नातू आजोबाचे नाव शोधतो ते बाबासाहेबांनी ज्याला गुलामगिरी म्हटले त्या दप्तरात. कातकरी आणि ठाकूर यांच्याकडे तेही नाही. पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाणारे घर कोणत्या गावच्या रजिस्टरात सापडणार?

आणि हा शोध हौसेचा राहिलेला नाही. जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. नातेवाईक म्हणजे वडिलांकडचे रक्ताचे नातेवाईक. आईकडची वाट बंद. पडताळणी नकोच असे मी म्हणत नाही. महादेव कोळ्यांच्या नावावर इतरांनी जागा लाटल्या, आणि १९९४ साली अशाच एका दाव्यावरून सर्वोच्च न्यायालयाला पडताळणीची शिस्त घालून द्यावी लागली. खोटी वंशावळ म्हणजे खऱ्या आदिवासीच्या ताटातला घास. पण या व्यवस्थेची विपरीतता पाहा. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे तो कागद उभा करतो. ज्याच्या जातीबद्दल गावात कधी कोणाला शंका आली नाही, त्या कातकऱ्याकडे कागद नसतो. ज्याच्या घराने १९५६ नंतर शाळेत ‘बौद्ध’ लिहवले, त्याने आजोबाच्या दाखल्यातला ‘महार’ शोधून आणायचा. गावाने शतकानुशतके जी जात विसरू दिली नाही, ती आता पुराव्याने सिद्ध करायची.

मग आपला कुलवृत्तांत कोणता? तो दलित साहित्याने लिहायला घेतला आहे, फक्त आपण त्याला या नावाने ओळखले नाही. ‘बलुतं’ (१९७८) मूळ पुरुषाचा गौरव करीत नाही. गावकीच्या वाट्याचा हिशेब मांडते. ‘अक्करमाशी’ (१९८४) बापाच्या नावाच्या रकान्यावरच बोट ठेवते, आणि त्या एका रकान्याने साऱ्या वंशवृक्षाची लबाडी उघडी पडते. ‘आयदान’ (२००३) मध्ये टोपली विणणारी आई केंद्रस्थानी येते. कुलवृत्तांतात सून म्हणून एका ओळीत मावणारी बाई इथे कुळ सांगते. त्याही आधी चोखामेळा, सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा हे एक घर आपल्याला माहीत आहे ते सनदेमुळे नव्हे, त्यांच्या अभंगांमुळे. बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, आणि बुद्ध, कबीर, फुले यांना गुरू मानले. रक्ताने न जोडलेली, निवडलेली ही वंशावळ आहे. विद्यार्थ्याच्या अर्जाला ती जोडता येणार नाही. पण अर्ज कशासाठी करायचा हे तीच सांगते.

तरीही आत्मकथनांवर भागणार नाही. आत्मकथन एका घराचे असते. शहापूर-मुरबाडच्या शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीवस्तीचा वृत्तांत लिहिला पाहिजे. कसाऱ्याचा रेल्वेघाट १८६५ साली खुला झाला, तानसा धरण १८९२ साली झाले, त्यानंतर वैतरणा आणि भातसा अडली. मुंबई हे पाणी पिते. कोनशिलेवर मजुराचे नाव नसते. कोणत्या घरातले कोण त्या कामावर होते, कोण उठवले गेले, कोणत्या आजीने कोणत्या भट्टीवर मूल जन्माला घातले, हे सांगणारी म्हातारी माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून लिहून घेताना आईचे, आजीचे नाव आधी लिहावे. घराण्यात राजा सापडला नाही म्हणून वही बंद करू नये. कुलवृत्तांताची कसोटी त्यातला मूळ पुरुष किती थोर होता ही नव्हे. त्या घराच्या पायरीशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव त्यात आहे की नाही, ही आहे.