‘द फीनिक्स प्रोजेक्ट’ : एका बोधकादंबरीचे तात्पर्य आणि जऊळक्याची पीकपाहणी

संगणकाच्या आज्ञावली रचणारे एकीकडे आणि त्या रात्रंदिवस चालत्या ठेवणारे दुसरीकडे, ह्या विभागणीमुळे निर्माण होणारा दुरावा नाहीसा करू पाहणाऱ्या कार्यपद्धतीस ‘डेव्हऑप्स’ असे नाव आहे. त्या नावाचा उदय २००९ मधला. त्या वर्षी जूनमध्ये ‘फ्लिकर’ ह्या छायाचित्रसंग्रहाचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड ह्यांनी अमेरिकेतील एका परिषदेत, दिवसातून दहाहून अधिक वेळा आज्ञावलीत बदल करूनही ती निर्वेधपणे चालविता येते, असे प्रतिपादन केले. ऑक्टोबरात पॅट्रिक दबुआ ह्यांनी बेल्जममधील गेंट येथे ह्याच विचाराची पहिली सभा भरविली. तथापि हा विचार तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर, व्यवस्थापकांच्या मेजापर्यंत नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका कादंबरीस द्यावे लागते. जीन किम, केव्हिन बेहर व जॉर्ज स्पॅफर्ड ह्या तिघांनी मिळून लिहिलेली ‘द फीनिक्स प्रोजेक्ट’ ही ती कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एखादी कार्यपद्धती कथेच्या वेषात येते तेव्हा तिची परीक्षा कथेच्या कसोट्यांनीही करणे अगत्याचे ठरते. कथेने कोणास बोलते केले आणि कोणास मुके ठेवले, ह्यावरच तिच्या तात्पर्याचा आवाका ठरत असतो. ही पद्धती आता शासकीय कारभारासही सुचविली जात असल्यामुळे ती परीक्षा केवळ वाङ्मयीन राहत नाही. शासकीय नोंदींचा शेवटचा टप्पा जेथे असतो अशा एका गावाच्या, म्हणजे वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेल्या जऊळक्याच्या, संदर्भात ती करून पाहणे उद्बोधक ठरेल.

कादंबरीचे कथानक सरळ आहे. मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या ‘पार्ट्स अनलिमिटेड’ ह्या कल्पित कंपनीत बिल पामर ह्याच्यावर संगणकव्यवस्था चालविणाऱ्या विभागाची जबाबदारी अकस्मात येऊन पडते. ‘फीनिक्स’ नावाची महत्त्वाकांक्षी योजना रखडलेली आहे. ती घाईने सुरू केली जाते आणि दुकानांतील विक्रीयंत्रे बंद पडतात. एरिक नावाचा एक गूढ वाटणारा सल्लागार बिलला कारखान्यात नेऊन उंचावरून यंत्रांची हालचाल दाखवितो, आणि कारखान्यातील मालाप्रमाणेच आज्ञावलीचे कामही एक प्रवाह आहे हे त्याच्या मनावर बिंबवितो. प्रवाह, प्रत्याभरण व अखंड शिक्षण ह्या एरिकच्या ‘तीन वाटा’. त्यांच्या साहाय्याने कंपनी सावरते आणि बिलचे भाग्य उजळते.

हा साचा नवा नव्हे. एलियाहू गोल्डरॅट ह्यांच्या १९८४ मधील ‘द गोल’ ह्या कादंबरीचे ऋण तर उघडच आहे. मराठी वाचकास आणखी जवळची आठवण होईल ती १८५७ मधील बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ची. विधवांच्या दुःस्थितीचे दाखले प्रवासाच्या सूत्रात ओवून वाचकाचे मतपरिवर्तन घडविणे, हा त्या ग्रंथाचा हेतू होता. बोधकादंबरीचा एक धर्म दोन्ही ठिकाणी दिसून येतो. लेखकाच्या हाती जे औषध असते, त्याने बरे होणारे दुखणेच तो कथेत आणतो. हा काही अक्षम्य दोष नव्हे. परंतु दोघांमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे. ‘यमुनापर्यटना’त जिचे दुःख हा विषय आहे ती स्त्री वाचकासमोर येते, तिचे गाऱ्हाणे ऐकू येते. ‘फीनिक्स’मध्ये ज्याचे दुःख कथेला गती देते, तो मनुष्य प्रारंभीच दिसतो आणि पुढे जवळजवळ लुप्त होतो.

कादंबरीतील पहिले संकट येते ते पगाराचे. सुरक्षिततेसाठी केलेल्या एका बदलाची वर्दी इतरांना नसते. त्यामुळे वेतनपत्रकातील माहिती बिघडते, आणि तासांवर काम करणाऱ्या कामगारांचे पगार अडतात. कामगारसंघटनेचा पुढारी संतापतो, वर्तमानपत्रात बातमी छापून येते. प्रारंभ म्हणून प्रसंग उत्तम साधला आहे. परंतु ज्याच्या घरी त्या आठवड्यात पैसे आले नाहीत, तो कामगार पुढे कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. बातमीमुळे कंपनीची झालेली नाचक्की, संचालकांचा रोष, प्रतिस्पर्ध्याची सरशी ह्यांचेच पारडे उत्तरोत्तर जड होत जाते.

एवढे म्हटल्यावर कादंबरीचे गुणही मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. ब्रेंट ह्या पात्राच्या रूपाने तिने एक सार्वत्रिक सत्य पकडले आहे. सर्व काही एकट्यालाच ठाऊक असणारा, म्हणून सर्वांना हवा असणारा, आणि म्हणूनच सर्वांचे काम अडवून ठेवणारा असा मनुष्य प्रत्येक कचेरीत असतो. रचणारे व चालविणारे एकमेकांवर दोष ढकलतात, आणि मोठा बदल वर्षातून एकदा करण्याच्या हट्टामुळेच तो घातक होतो, हे विवेचन तर्कशुद्ध आहे. लहान बदल वारंवार करावेत, प्रत्येक बदलाची चाचणी यंत्राकडूनच करवावी, चूक दिसताच मागच्या स्थितीवर परत येता यावे, आणि अपयशानंतर गुन्हेगार शोधण्यापेक्षा कारण शोधावे, हे ह्या पद्धतीचे सार होय. त्याला विरोध करण्याचे प्रयोजन नाही.

आक्षेप सुरू होतो तो दुसऱ्या वाटेपाशी, म्हणजे प्रत्याभरणापाशी. कामाच्या शेवटच्या टोकाकडून पहिल्या टोकाकडे जाणारा निरोप, हा त्याचा अर्थ. पण शेवटचे टोक कोणते? कादंबरीत ते कधी यंत्राची मापके असते, तर कधी बाजार. कंपनीपुरते हे उत्तर चालून जाते, कारण असंतुष्ट गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि त्याचे जाणे विक्रीच्या आकड्यांत उमटते. शासकीय नोंदवहीच्या गिऱ्हाइकास दुसरे दुकान नसते. त्याची निराशा कोणत्याही आकड्यात आपोआप उमटत नाही.

संमिश्र क्लाउडचा प्रश्नही येथेच उभा राहतो. स्वतःच्या मालकीचे डेटा सेंटर आणि भाड्याने घेतलेली सार्वजनिक संगणकशक्ती ही दोन्ही आपापल्या जागी स्वतंत्र राहून, ठरीव तांत्रिक संकेतांनी एकमेकांशी जोडलेली असतात, तेव्हा त्या व्यवस्थेस हे नाव मिळते. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडच्या वापराचे धोरण जाहीर केल्यापासून शासकीय खात्यांनाही ह्या संमिश्रतेचा विचार करणे प्राप्त झाले आहे. कादंबरीतही असा प्रसंग आहे. सणासुदीच्या विक्रीपूर्वी गिऱ्हाइकांना काय सुचवावे ह्याचे अवाढव्य गणित कंपनीच्या यंत्रांना झेपत नाही, तेव्हा ते क्लाउडवर नेऊन सोडविले जाते. प्रसंग चटकदार आहे आणि प्रश्न थोडक्या पानांत सुटतो. तो इतक्या सहज सुटण्याचे कारण मात्र कादंबरी सांगत नाही. तेथे क्लाउडवर गेलेली वस्तू हे एक गणित आहे. ते चुकले तर टाकून द्यावे आणि पुन्हा मांडावे. नोंद ही गणिताहून वेगळी वस्तू आहे. ती एकदाच होते, विशिष्ट मुदतीत होते, आणि झाली नाही तर तिचा हक्कदार रिकाम्या हाताने परततो.

जऊळक्याच्या परिसराचा अनुभव ह्या बाबतीत एक समर्पक दृष्टांत पुरवितो. जऊळका हे पूर्णा–अकोला लोहमार्गावरील स्थानक. चालू शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत हा मार्ग मीटरगेज होता, आणि अकोल्यास मुंबई–नागपूर हा ब्रॉडगेज मार्ग त्यास मिळत असे. दोन्ही रूळ आपापल्या परीने उत्तम असले तरी जेथे गेज बदलते तेथे उतारूला गाडी बदलावी लागते, मालही उतरवून पुन्हा चढवावा लागतो. गठ्ठा गहाळ होण्याचा धोका धावत्या गाडीपेक्षा त्या फलाटावर अधिक. संमिश्र क्लाउडमध्येही एका व्यवस्थेतून दुसरीत जाण्याची जागा हीच जोखमीची जागा होय. रचणारे व चालविणारे ह्यांच्यातील भिंत डेव्हऑप्सने पाडली, तरी तीच भिंत दोन व्यवस्थांच्या सांध्यावर पुन्हा उभी राहू शकते. गठ्ठा कोणाच्या हातून हरवला, हे सांगण्यास मग कोणीच बांधील राहत नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तोपर्यंत गावनमुना बारामध्ये पिकाची नोंद तलाठी करी. वऱ्हाडात आजही त्यास पटवारी म्हणण्याचा प्रघात आहे. नव्या योजनेत शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून, मोबाइलवरील ॲपच्या साहाय्याने पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि नोंद स्वतःच पाठवावयाची. योजनेमागील विचार स्तुत्य होता. ज्याचे पीक त्याचाच शब्द, आणि छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांश. परंतु खरिपाची मुदत जवळ येताच राज्यभरातील शेतकरी एकाच वेळी नोंदीस बसतात. सर्व्हर मंदावल्याच्या तक्रारी झाल्या आणि मुदत वाढवून द्यावी लागली, असे एकाहून अधिक वर्षी घडले. वाशिमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात ही केवळ गैरसोय राहत नाही. पीकविमा, हमीभावाची खरेदी व नुकसानभरपाई ह्या सर्वांचा आधार ती नोंद असते.

ह्याचा निर्णायक पुरावा २०२४ मध्ये मिळाला. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे शासनाने जाहीर केले. प्रथम त्यास ई-पीक पाहणीतील नोंदीची अट होती. जे शेतकरी ह्या नोंदीपासून वंचित राहिले होते त्यांची ओरड झाल्यावर अट शिथिल करण्यात आली, आणि तलाठ्याने सातबाऱ्यावर केलेली पिकाची नोंदही ग्राह्य धरण्यात आली. डेव्हऑप्सच्या परिभाषेत बोलावयाचे तर, ही मागच्या स्थितीवर परत येण्याचीच क्रिया होती. पण ती यंत्राने केली नाही. जिला नव्या रचनेने जवळपास निवृत्त केले होते, त्या जुन्या लेखणीने ती केली. शिवाय ती पीक घरात येऊन गेल्यावर, पुढच्या हंगामात झाली.

डेव्हऑप्सचे यश मोजण्याची जी प्रसिद्ध मापे आहेत, त्यांत हा प्रकार कोठे बसतो? निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम ह्यांच्या ‘ॲक्सिलरेट’ ह्या २०१८ मधील ग्रंथाने चार मापे प्रतिष्ठित केली : बदल किती लवकर अमलात येतो, किती वारंवार येतो, किती बदल फसतात, आणि बंद पडलेली व्यवस्था किती वेळात पूर्ववत होते. चारही मापे उपयुक्त आहेत. पण चारही रचणाऱ्याच्या अंगणात उभे राहून घेतलेली आहेत. सर्व्हर तासाभरात पूर्ववत झाला तर चौथे माप समाधानकारक दिसेल. त्या तासात शिवारात उभा राहून कंटाळलेला आणि दुसऱ्या दिवशी मजुरीस गेलेला शेतकरी मात्र कोणत्याच मापात येणार नाही.

ह्यावर असा प्रतिवाद होऊ शकेल की, हा दोष पद्धतीचा नसून ती अपुरी राबविण्याचा आहे. तलाठ्यास व शेतकऱ्यास शेवटचे टोक मानण्यास डेव्हऑप्सने कोठेही मनाई केलेली नाही. हा प्रतिवाद खरा आहे, किंबहुना तोच आशेचा आधार होय. परंतु मनाई नसणे आणि आग्रह असणे ह्यांत अंतर आहे. कथेने जो मनुष्य दुसऱ्याच प्रकरणानंतर दूर ठेवला, त्याचा विसर तिच्या अनुयायांना पडणे स्वाभाविक आहे.

तो विसर पडू नये म्हणून परदेशी दृष्टांताची गरज नाही. संगणकावर उतरविलेला सातबारा मूळ हस्तलिखिताशी जुळतो की नाही हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. नोंदी गावकऱ्यांसमोर वाचावयाच्या, हरकती घ्यावयाच्या, आणि मग दुरुस्ती करावयाची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. प्रत्याभरण ह्या जड शब्दाचा इतका स्वच्छ अर्थ ‘फीनिक्स’च्या तिन्ही वाटांत सापडत नाही. ज्याची नोंद, त्याच्या कानावर ती घालून मगच ती पक्की मानणे, ही रीत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे.

डेव्हऑप्सचा अंगीकार ह्या रीतीशी सांगड घालून झाला, तर त्यातून काही गोष्टी क्रमप्राप्त ठरतात. पाहणीच्या मुदतीच्या अखेरच्या दिवसांत व्यवस्थेत कोणताही नवा बदल करू नये; बदलाचे पंचांग पेरणीच्या पंचांगास अनुसरून असावे. रेंज नसताना मोबाइलमध्ये साठलेल्या नोंदीस ती केल्याचा दिवस लागू व्हावा, ती पोहोचल्याचा नव्हे. दोन व्यवस्थांच्या सांध्यावर अडकलेल्या नोंदींची गावनिहाय यादी तलाठ्याच्या हाती रोज पडावी, आणि ती यादी रिकामी होणे हेच पाचवे, किंबहुना पहिले माप मानले जावे. तलाठ्याची लेखणी ही परतीची वाट म्हणून आरंभापासूनच मान्य असावी, ओरड झाल्यावर नव्हे.

‘द फीनिक्स प्रोजेक्ट’ हा आपल्या कार्यात यशस्वी झालेला ग्रंथ आहे. व्यवस्थापकाने आपल्या कचेरीतील भिंत पाहावी म्हणून तो लिहिला गेला, आणि ती भिंत त्याने अनेकांना दाखविली. त्याची मर्यादा एवढीच की, कचेरीबाहेर रांगेत उभा असलेला मनुष्य त्याला खिडकीतून एकदाच दिसला. जऊळक्याच्या सोयाबीनची नोंद ज्या दिवशी केली त्याच दिवशी पक्की झाल्याचे शेतकऱ्यास कळेल आणि न झाल्यास कोणाकडे जावे हेही कळेल, तेव्हाच ह्या पद्धतीचा मराठी मुलुखात खऱ्या अर्थाने अंगीकार झाला असे म्हणता येईल.