आज्ञारेषेवरील पर्यायांचे व्याकरण : मराठीच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रास्ताविक :

संगणकाच्या पडद्यावर चित्रांची व बटणांची रेलचेल झाली असली तरी ‘कमांड लाईन’ अर्थात आज्ञारेषा अद्याप संपलेली नाही. प्रयोगशाळेतील माहितीचे पृथक्करण, ग्रंथालयाच्या नोंदींची छाननी, निकालपत्रकांची जुळणी अशी कामे आजही लहानशा स्क्रिप्टद्वारे केली जातात. अशा स्क्रिप्टला आज्ञा देताना तिच्या नावापुढे जे शब्द लिहिले जातात, त्यांपैकी कोणता शब्द काय सांगतो हे ठरविणे म्हणजे पर्यायांचा पदच्छेद करणे होय. क्रमिक पुस्तकांत या विषयास बहुधा अर्धे पान मिळते व तो निव्वळ तांत्रिक मानला जातो. प्रस्तुत लेखात मात्र त्याकडे एक भाषिक व्यवहार म्हणून पाहिले आहे. पर्यायांची रूढ व्यवस्था मराठीच्या व्याकरणाशी कोठे जुळते आणि देवनागरी लिपीशी तिचे कोठे बिनसते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

स्थान आणि विभक्ती :

आज्ञारेषेवरील शब्दाचा अर्थ दोन प्रकारे निश्चित होतो. पहिला प्रकार स्थानाचा. स्क्रिप्टच्या नावानंतरचा पहिला शब्द म्हणजे मूळ फाईल आणि दुसरा शब्द म्हणजे नवी फाईल, असा संकेत स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने मनाशी धरलेला असतो. दुसरा प्रकार चिन्हाचा. ‘--जुनी-यादी’ असे लिहून त्यापुढे फाईलचे नाव दिले की क्रम कोणताही असला तरी अर्थ बदलत नाही.

मराठी भाषकास हा भेद नवा नाही. ‘शिक्षकाने विद्यार्थ्याला पुस्तक दिले’ आणि ‘विद्यार्थ्याला शिक्षकाने पुस्तक दिले’ या दोन वाक्यांत पदांचा क्रम बदलला तरी देणारा व घेणारा बदलत नाही, कारण हे कार्य विभक्तिप्रत्यय करतात. इंग्रजीत मात्र कर्ता व कर्म यांचा निर्णय प्रामुख्याने स्थानावरून होतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत विभक्तीच्या विवेचनास जे महत्त्व लाभले, त्याचे कारण मराठी वाक्याच्या या घडणीत आहे. नाव दिलेला पर्याय हा आज्ञारेषेवरील विभक्तिप्रत्यय होय, असे म्हणता येईल. प्रत्यय नामानंतर येतो आणि पर्याय मूल्याच्या आधी येतो, ही या तुलनेची मर्यादा आहे. तथापि दोहोंचे कार्य एकच आहे.

ही तुलना व्यवहारात उपयोगी पडते. मराठीत प्रथमेला प्रत्यय नसतो आणि जेथे घोटाळ्याचा संभव नाही तेथे कर्मही अप्रत्ययी राहते : ‘मुलगा आंबा खातो’. परंतु कर्ता व कर्म दोन्ही सजीव असले की भाषा सावध होते आणि ‘आई मुलाला बोलावते’ असे सप्रत्यय रूप योजते. स्क्रिप्टलाही हाच न्याय लावावा. एकच फाईल द्यावयाची असेल तर ती चिन्हाविना देण्यास हरकत नाही. एकाच जातीच्या दोन फाईली द्यावयाच्या असतील तर त्यांपैकी किमान एकीस पर्यायाचे चिन्ह असलेच पाहिजे. ग्नू प्रकल्पाच्या फाईल-नक्कल करणाऱ्या आज्ञेत लक्ष्य-निर्देशिका स्वतंत्र पर्यायाने सांगण्याची जी सोय आहे, तिच्यामागे हेच तत्त्व दिसते.

प्रस्तुत लेखकाने हा नियम चूक करून शिकला. अंतर्गत गुणांच्या जुन्या यादीवर दुरुस्त यादी चढविणारी एक स्क्रिप्ट त्याने लिहिली होती. तिला दोन फाईली केवळ क्रमाने द्यावयाच्या होत्या. एके दिवशी क्रम उलटा पडला. स्क्रिप्टने कोणतीही तक्रार केली नाही आणि दुरुस्त गुणांवर जुने गुण चढले. हस्तलिखित पत्रक जपून ठेवलेले असल्याने चूक निस्तरता आली. यंत्राच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच, कारण आज्ञा ‘शुद्ध’ होती. आणि असे अनर्थकारी वाक्य शुद्ध ठरू देणारे व्याकरण लेखकाने स्वतःच रचले होते.

परंपरेचे स्वरूप :

युनिक्स परंपरेत या व्याकरणाचे प्रमाणीकरण हळूहळू झाले. ‘गेटऑप्ट’ हे पदच्छेद करणारे कार्य एटी अँड टी कंपनीने १९८५ साली सर्वांसाठी खुले केले. पुढे पॉझिक्स प्रमाणकाने आज्ञांच्या रचनेविषयी १४ मार्गदर्शक सूत्रे दिली. पर्यायाचे नाव एकाक्षरी असावे, त्यापूर्वी एक आडवी रेघ असावी, सर्व पर्याय इतर शब्दांच्या आधी यावेत आणि ‘--’ या चिन्हानंतर येणाऱ्या कोणत्याही शब्दास पर्याय मानू नये, ही त्यांतील काही सूत्रे होत. ग्नू प्रकल्पाने दोन रेघांनी सुरू होणारी पूर्ण शब्दांची नावे रूढ केली. पर्ल भाषेत ‘गेटऑप्ट-लाँग’ आले. पायथनमध्ये २००३ साली ‘ऑप्टपार्स’ आणि २०१० साली ‘आर्गपार्स’ दाखल झाले.

या परंपरेचे मोठे श्रेय असे की तिने व्याकरण घोषित करण्याची शिस्त लावली. ‘-कखग’ असे जोडून लिहिले तर त्याचा विग्रह ‘-क -ख -ग’ असा होईल की ‘-क’ या पर्यायाचे मूल्य ‘खग’ असे होईल, हे शब्दाकडे पाहून सांगता येत नाही. समासाचा विग्रह जसा अर्थ जाणल्याविना होत नाही, तसाच ‘क’ला मूल्य लागते की नाही हे आधी घोषित केल्याविना हा पदच्छेद होत नाही. ज्या स्क्रिप्टमध्ये अशी घोषणा नसते, ती तर्काने काम चालविते आणि तर्क केव्हा चुकला हेही सांगत नाही.

परिभाषेचे दोषही येथे नोंदविले पाहिजेत. आर्गपार्सच्या मदत-मजकुरात अनेक वर्षे पर्यायांच्या यादीस ‘ऐच्छिक आर्ग्युमेंट’ अशा अर्थाचे शीर्षक होते. वस्तुतः असा पर्याय अनिवार्यही करता येतो. ‘ऐच्छिक’ या शीर्षकाखाली ‘अनिवार्य’ बाब छापली जाण्याची ही विसंगती २०२१ च्या पायथन ३.१० आवृत्तीत शीर्षक ‘पर्याय’ असे करून दूर झाली. चुकीची संज्ञा इतकी वर्षे टिकते, ही बाब परिभाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

देवनागरीशी बिनसते कोठे :

खरा प्रश्न ‘एकाक्षरी’ या कल्पनेपाशी उभा राहतो. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक चिन्ह. देवनागरीत तसे नाही. युनिकोडमध्ये ‘नि’ हे एक अक्षर ‘न’ आणि ‘ि’ अशा दोन चिन्हांनी साठविले जाते. परिणामी आर्गपार्समध्ये मूल्य घेणारा ‘-न’ हा पर्याय घोषित केला आणि वापरणाऱ्याने ‘-नि’ असे लिहिले, तर यंत्र त्याचा अर्थ ‘-न’ हा पर्याय व ‘ि’ हे त्याचे मूल्य असा लावते. बॅशमधील ‘गेटऑप्ट्स’ तर चिन्हही न पाहता बाइट पाहते. यूटीएफ-८ मध्ये ‘न’ तीन बाइटांचा असल्याने तेथे ‘-न’ हा पर्याय संभवतच नाही.

दुसरा दोष संक्षेपाचा आहे. लांब नावाचा निःसंदिग्ध आरंभ लिहिला तरी चालावे, अशी सोय ग्नू व आर्गपार्स या दोहोंत आहे. त्यामुळे ‘--न’ हा ‘--निकाल’चा आरंभ ठरतो. मराठी वाचकाच्या लेखी ‘निकाल’ या शब्दाचा आरंभ ‘नि’ने होतो, ‘न’ने नव्हे. पायथन ३.५ पासून ही सोय बंद करता येते व मराठी नावे वापरताना ती बंद करणेच इष्ट होय.

तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. ‘अपुऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ व हलन्त यांनी, अथवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्रास ती भिन्न वाटतात आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करीत नाही. ‘--अपुऱ्या-नोंदी’ असा पर्याय योजणाऱ्यास एकाच्या संगणकावर यश आणि दुसऱ्याच्या संगणकावर ‘अनोळखी पर्याय’ असा संदेश मिळणे यामुळे शक्य आहे.

अंकांबाबत तर मतैक्यच नाही. पायथन ‘१२’ या देवनागरी अंकांस पूर्णांक म्हणून स्वीकारते. पर्लचे गेटऑप्ट-लाँग ते नाकारते. बॅशही त्यांना संख्या मानत नाही. मदत-मजकुराच्या स्तंभांचेही तसेच. आर्गपार्स शब्दाची लांबी चिन्हे मोजून ठरविते. ‘पर्याय’ या शब्दात अक्षरे तीन असली तरी चिन्हे सहा आहेत, म्हणून मराठी नावे असलेले स्तंभ वाकडे दिसतात.

अध्यापनाचा प्रश्न :

उमरखेड, पुसद, महागाव या परिसरातून महाविद्यालयात येणारे कित्येक विद्यार्थी मराठी माध्यमातून शिकलेले असतात. एकाक्षरी पर्याय हा बहुधा इंग्रजी शब्दाचा संक्षेप असतो. तो शब्दच ठाऊक नसल्यास विद्यार्थ्यास संक्षेप उलगडत नाही. तो मंत्रासारखा पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्यातून ‘संगणक आपल्याला जमत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष तो स्वतःविषयी काढतो. हे नुकसान बिघडलेल्या फाईलपेक्षा मोठे आहे.

यावर सर्व पर्यायांची नावे मराठी करावीत, असा भाबडा उपाय येथे सुचवावयाचा नाही. एकाच ओळीत रोमन व देवनागरी कळफलक आलटून-पालटून वापरणे कष्टाचे असते आणि अन्यत्र वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्टला सर्वपरिचित नावे असणेच योग्य आहे. परंतु मूल्ये मात्र देवनागरीत येणारच. विद्यार्थ्याचे नाव, गावाचे नाव, ग्रंथाचे शीर्षक यांना लिप्यंतराची सक्ती करणे म्हणजे नोंदच अशुद्ध करणे होय.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, सारख्या जातीची दोन मूल्ये असतील तेथे केवळ स्थानावर विसंबू नये. दोन, पदच्छेद स्वतः हाताने न करता भाषेतील घोषित साधन वापरावे आणि ज्या आज्ञेने माहिती पुसली जाऊ शकते तिला स्पष्ट नावाचा पर्याय अनिवार्य करावा. तीन, देवनागरीत एकाक्षरी पर्याय योजू नयेत. पूर्ण शब्द योजावेत व संक्षेपाची सोय बंद ठेवावी. चार, अंक व अर्ध्या ‘र’ची रूपे स्क्रिप्टच्या आरंभीच एकसारखी करून घ्यावीत. पाच, पर्यायांची नावे कोणत्याही लिपीत असोत, मदत-मजकूर मराठीत असावा. आर्गपार्समध्ये प्रत्येक पर्यायाचे वर्णन आपणच लिहावयाचे असल्याने त्यास कोणाच्याही अनुमतीची गरज नाही.

विभक्तीचा धडा विद्यार्थी शाळेतच शिकून आलेला असतो. आज्ञारेषा शिकविताना त्या धड्याची आठवण करून दिली, तर पर्याय ही परकी गोष्ट राहणार नाही. संगणकशास्त्राच्या व मराठीच्या अध्यापकांनी एकत्र बसून एखादा तास घ्यावा, इतके हे विषय परस्परांच्या निकट आहेत.