रसातील वायुझोत : एका प्रचलित वर्णनाची चिकित्सा

साखरनिर्मितीवरील मराठी लेखनात रसशुद्धीचा विषय निघाला म्हणजे चुना घातलेल्या उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडतात, अशा अर्थाचे विधान हमखास आढळते. विधान खोटे नव्हे. परंतु 'सोडतात' ह्या एका क्रियापदात सगळा भौतिक व्यापार गडप होतो, आणि त्यामुळे टाकीपाशी उपायही चुकीचा सुचतो, असे आमचे मत आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही. परळी, माजलगाव, गेवराई ह्या भागांत ऊस गाळला जातो. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जाणाऱ्या बीडकरांविषयी पुष्कळ लिहिले गेले. कारखान्याच्या आत, गंधकाच्या उग्र वासात उभ्या असलेल्या कामगाराविषयी त्यामानाने थोडेच.

भट्टीत गंधक जाळून मिळणारा सल्फर डाय-ऑक्साइड सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअस तापमानाच्या रसात जातो. चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम सल्फाइटचा साका बसतो व तो रंगद्रव्ये आणि इतर मळ बरोबर घेऊन जातो. अखेरीस रसाचा सामू ७ च्या आसपास असावा लागतो. येथपर्यंतचे वर्णन सर्वत्र मिळते. नळीच्या तोंडापुढे काय घडते, हे मात्र सहसा मिळत नाही.

वेग कमी असता छिद्रातून एकेक बुडबुडा सुटतो. वेग वाढला की अखंड झोत बनतो. द्रवाच्या मानाने वायू अतिशय हलका असल्याने आडवा सोडलेला झोत फार दूर न जाता वर वळतो. बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात व त्वरेने पृष्ठभाग गाठतात. तेवढ्याच वायूच्या बुडबुड्यांचा व्यास निम्मा केला, तर स्पर्शपृष्ठ दुप्पट होते. केवळ दाब वाढवून हे साधेलच असे नाही. वायू नीट शोषला जात नाही म्हणून तो अधिक जोराने सोडावा, तर न शोषलेला भाग उलट वाढतो व कामगाराच्या छातीत जातो.

दुसरा दोष सरासरीचा. टाकीचा सामू ठीक दिसत असला तरी झोताच्या तोंडाशी रस आम्लधर्मी असू शकतो. तेथे सल्फाइटचे विरघळणारे बायसल्फाइट बनते, साखरेचे विघटन होण्याचा धोका उद्भवतो, आणि गाळणीतून निसटलेले क्षार पुढे बाष्पीभवनपात्रांच्या नळ्यांवर थर धरतात.

ह्या विषयाचे बरेचसे शास्त्र पोलादाकडून आले आहे. बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या लोखंडात हवा फुंकण्याची पद्धत जाहीर केली. होफेले आणि ब्रिमाकोम ह्यांनी १९७९ मध्ये द्रवात बुडालेल्या नळीतील बुडबुड्यांची व झोताची अवस्था वेगळी दाखविली. परंतु हे निष्कर्ष रसाला जसेच्या तसे लावणे, ही उसनवारी आम्हांस मान्य नाही. धातूच्या भट्टीत अखंड झोत हितकर ठरतो, कारण बुडबुडा सुटताना द्रव मागे उसळून नळीच्या तोंडाशी असलेले अस्तर झिजते. रसाच्या टाकीत अस्तराचा प्रश्न नाही. तेथे बारीक बुडबुडेच हवेत. शिवाय धातूत नसलेली एक अडचण येथे आहे : सल्फाइट छिद्रांवरच जमते, छिद्रे अरुंद व असमान होतात, आणि हंगामाच्या आरंभी योग्य असलेला दाब पुढे योग्य राहत नाही. म्हणून गंधकाचा खप व रसाचा सामू देऊन थांबणारे वर्णन आम्ही अपुरे समजतो. छिद्रांचा व्यास, त्यांची खोली आणि ती शेवटची केव्हा साफ केली, हे त्यात आलेच पाहिजे.