न्यूनगंड कोणाचा? शालेय मानसशास्त्राचे शिक्षण आणि दलित आत्मकथने

मानसशास्त्रातला एक शब्द मराठी शाळेत चांगलाच रुजला आहे. तो म्हणजे न्यूनगंड. वस्तीतला मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. त्याला न्यूनगंड आहे. वसतिगृहातली मुलगी स्नेहसंमेलनात मागे मागे राहते. तिला न्यूनगंड आहे. हाच मुलगा उद्या उभा राहून शिष्यवृत्तीचा अर्ज का अडला असे विचारू लागला, तर तो 'आक्रमक' आहे. गप्प बसला तर रोगी आणि बोलला तर उद्धट, अशी ही कोंडी आहे. शब्द मोठा सोयीचा आहे. दोष एकदा मुलाच्या मनात नेऊन ठेवला की वर्ग, शिक्षक, गाव आणि जात यांची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही.

हा शब्द आता शिक्षकांच्या खोलीतून निघून पदवीधर समुपदेशकाच्या टेबलावर जाणार आहे, म्हणून त्याची झडती घेणे निकडीचे झाले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत सांगितले आहे. वंचित समाजांतून आलेल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही सांगितले आहे. हे स्वागतार्हच आहे. पण समुपदेशक आकाशातून पडत नाही. तो एम.ए.च्या आणि पदविकेच्या वर्गात घडतो. तेथे त्याला काय शिकवले जाते? नाशिकच्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी अभ्यासमंडळाच्या बैठकीत संपणारा नाही.

२

आधी या शास्त्राची हत्यारे पाहू. १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सायमन यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना विशेष मदत द्यावी, हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती वाढत नाही, या समजुतीला बिनेने १९०९ मध्ये स्पष्ट विरोध केला होता. कसोटी अमेरिकेत गेली आणि तेथील वंशवाद्यांनी तिचा उपयोग नेमका उलट केला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिनेच्या कसोट्यांचे रूपांतर केले. त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. नागपूरचे डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मापनश्रेणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केले. या दोन्ही कसोट्या आजही आपल्याकडे वापरल्या जातात. या माणसांच्या कष्टांविषयी अनादर दाखवण्याचे कारण नाही. प्रश्न कसोटीमागे उभ्या असलेल्या 'सरासरी मुला'चा आहे.

कामतांची कसोटी आकाराला आली ते दशक कोणते? २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसलेला आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेला राहिलेला मुलगा तोवर जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेऊन परतला होता. पण गावोगावचे त्याचे भाऊबंद अजून शाळेच्या ओट्यावरच होते, किंवा शाळेतच नव्हते. अशा समाजात 'सरासरी मूल' म्हणजे कोणाचे मूल? ज्याच्या घरी पाटी आहे, पुस्तक आहे, आणि शाळेत ज्याला पाणी मिळते, त्याचे. मोजपट्टी त्याच्या उंचीवरून आखायची आणि मग तिने दुसऱ्याचे खुजेपण सिद्ध करायचे, याला शास्त्र कसे म्हणावे?

उदाहरण घेऊ. अशा कसोट्यांत व्यवहारज्ञानाचा एक भाग असतो. रस्त्यात कोणाची वस्तू सापडली तर काय करशील, या धर्तीचे प्रश्न त्यात येतात, आणि मालकाला किंवा पोलिसाला नेऊन देईन, या धर्तीच्या उत्तराला गुण मिळतात. आता हा प्रश्न एखाद्या पारध्याच्या किंवा उचल्याच्या मुलाला विचारा. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही ज्यांच्या पालावर पोलिसांची धाड थांबली नाही, त्या घरचे मूल पाकीट घेऊन पोलीस चौकीत जाईल काय? ते वस्तूला हात न लावता पळेल. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्याने वाचले आहे त्याला कळेल की हे उत्तर कमी बुद्धीचे नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने शिकवलेले शहाणपण आहे. पण उत्तरतालिकेत त्याला शून्य.

दुसरे हत्यार म्हणजे 'समायोजन'. घराशी, शाळेशी, समाजाशी जुळवून घेणे हे मानसिक आरोग्याचे लक्षण, असे आमची पाठ्यपुस्तके सांगतात. दादासाहेब गायकवाडांबरोबर काळारामाच्या दारात बसलेल्या सत्याग्रहींना त्या वेळी समायोजनाची प्रश्नावली दिली असती तर त्यांचा निकाल काय लागला असता? ते सर्व नापास झाले असते. विषमतेशी जुळवून न घेणे हे ज्या समाजाच्या मुक्तीचे पहिले पाऊल होते, त्या समाजाच्या मुलांना जुळवून घ्यायला शिकवणारे शास्त्र तटस्थ असू शकत नाही.

३

आता शिक्षणाकडे वळू. अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथील राष्ट्रीय संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. तिच्या निकषांनुसार पदवीनंतर किमान साठ श्रेयांकांचे शिक्षण आणि बाराशे तासांची आंतरवासिता करावी लागते, आणि त्यांतले निम्मे तास शाळेतच काढावे लागतात. आपल्याकडे असा स्वतंत्र परवाना नाही. कोणी एम.ए. मानसशास्त्र करतो, कोणी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका घेतो, कोणी आणखी एखादा लहानसा अभ्यासक्रम उरकतो, आणि शाळेत रुजू होतो. पुष्कळदा ती शाळा शहरातली, खाजगी आणि इंग्रजी माध्यमाची असते, कारण पगार तेथेच मिळतो.

मी विद्यार्थी असताना प्रात्यक्षिकासाठी आम्हांला शहरातल्या एका नामवंत शाळेत पाठवले जाई. आमच्यातल्या दोघातिघांनी आश्रमशाळेत जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा उत्तर मिळाले, "नमुना बिघडेल." या दोन शब्दांत आमच्या शिक्षणाचे सगळे तत्त्वज्ञान आले. जी मुले बहुसंख्य आहेत ती नमुन्यात बसत नाहीत, आणि जी नमुन्यात बसतात त्यांच्यावरून बहुसंख्यांचा निवाडा होतो.

नाशिकमध्ये तर हा विरोधाभास डोळ्यांत भरतो. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतली कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी मुले सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून आश्रमशाळेत येतात. घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी. मूल तीनदा विचारूनही उत्तर देत नाही, कारण त्याला प्रश्नातला शब्दच कळलेला नसतो. अहवालात मात्र 'आकलन कमी' अशी नोंद होते.

आणखी एक गोष्ट पाहा. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अक्षमतेला मान्यताही दिली. हे न्याय्यच झाले. पण सवलतीला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला तपासणी लागते, आणि तपासणीला ती माहीत असणारा पालक लागतो. वाचन-लेखनाची अडचण दोन मुलांना सारखीच असते. एका घरी तिचे नाव 'डिस्लेक्सिया' पडते आणि मुलाला जादा वेळ मिळतो. दुसऱ्या घरी तिचे नाव 'ढ' पडते आणि मूल आठवीतून बिगारीच्या कामाला जाते.

४

या शास्त्राला जी माहिती हवी ती मराठीत उपलब्धच नाही काय? ती गेली पन्नास वर्षे छापली जात आहे. फक्त ती मानसशास्त्राच्या कपाटात नाही, मराठी विभागाच्या कपाटात आहे. माझे प्रतिपादन असे की दलित आत्मकथने ही शालेय मानसशास्त्राची पहिली मराठी व्यक्तिवृत्ते आहेत, आणि ती वाचल्याशिवाय कोणालाही समुपदेशकाची पदवी देऊ नये.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) घ्या. शाळेतले शेण काढण्याचे काम या मुलीने करावे असे शिक्षकाला वाटते. ती नकार देते आणि मार खाते. बांबूची आयदाने विणून पोरे वाढवणारी तिची विधवा आई त्या शिक्षकाला गाठून जाब विचारते. आजच्या परिभाषेत या प्रसंगाकडे पाहा. मुलगी गप्प, शाळेत जायला नाखूष. आमचा पदवीधर तिच्यातला न्यूनगंड दूर करण्यासाठी तिला पाच बैठकांना बोलावील. त्या निरक्षर बाईने मुलीवर उपचार केले नाहीत. तिने शाळेवर उपचार केला. निदान कोणाचे अचूक होते?

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या नोंदवहीतला बापाच्या नावाचा रकाना हाच मुलाच्या अस्तित्वावरचा प्रश्न होतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू आणि दया हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसून बोलतात. पाठ्यपुस्तक याला दुभंगलेपण म्हणेल. पण हा दुभंग कोणत्या धारदार हत्याराने घातला, हे पाठ्यपुस्तकात नाही. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) संस्कृत घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेली मुलगी नोकरीसाठी दारोदार हिंडते. सोमकुवर या माहेरच्या नावाला न मिळालेली नोकरी पावडे या सासरच्या नावाला मिळते. गुणवत्ता तीच, बाई तीच. फक्त आडनाव बदलले.

हे सारे भावनेच्या भरात लिहिलेले आहे, असे म्हणणाऱ्यांनी प्रयोगशाळेचे पुरावे पाहावेत. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या उच्च आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : जात उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गट बरोबरीचे ठरले; मुलांची नावे आणि जाती सर्वांसमोर वाचल्या तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुले मागे पडली. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी उत्तरपत्रिकांवर जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने लिहून त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले, असे त्यांनी २०१२ मध्ये दाखवले. कुमुदताईंनी १९८१ मध्ये जे सांगितले, तेच तीस वर्षांनी आकड्यांत आले. आकडे आल्यावर ते ज्ञान ठरले. तोवर ते 'साहित्य' होते.

येथे आपल्या समीक्षेलाही दोष दिला पाहिजे. ही पुस्तके कलाकृती आहेत की नाहीत, त्यांत तोचतोपणा आहे काय, भाषा शिवराळ आहे काय, या चर्चेत तिने दशके घालवली. ज्ञान म्हणून ती वाचली गेली नाहीत. तोचतोपणा तर खराच आहे. पण शंभर रोगी एकच लक्षण सांगू लागले तर वैद्य त्यांना कंटाळवाणे म्हणत नाही, तो साथीचा शोध घेतो.

५

चळवळीनेही या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. १९७२ मध्ये आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, विद्रोहाची भाषा घेतली. त्याच देशात १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली होती, तिकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने काळ्या-गोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून वर्णभेदाचा बालमनावरचा घाव दाखवला. १९५४ च्या शाळांविषयीच्या ऐतिहासिक निकालात त्यांच्या कामाचा दाखला आला. काळ्या मुलांना बुद्ध्यंकाच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात टाकण्याविरुद्ध कॅलिफोर्नियात पालक १९७१ मध्ये न्यायालयात गेले, आणि १९७९ मध्ये न्यायाधीश पेकहॅम यांनी त्या कसोट्या पक्षपाती ठरवल्या. त्यांनी शास्त्र नाकारले नाही. शास्त्र ताब्यात घेतले. आपण मात्र मनाचे दुखणे हे सुखवस्तूंचे चोचले समजून ते क्षेत्र मोकळे सोडले. रोहित वेमुला (२०१६) आणि जळगावच्या डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूनंतर तरी ही समजूत टिकू नये. आपली पोरे विद्यापीठांत पोचली आहेत. तेथे ती एकटी पडत आहेत. त्यांच्या समोर खुर्ची मांडून कोण बसणार, हा आता राजकीय प्रश्न आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मानसशास्त्र आणि समुपदेशनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांची आत्मकथने सक्तीच्या वाचनात असावीत. प्रात्यक्षिकाचे निम्मे तास जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत किंवा मागासवर्गीय वसतिगृहात काढले जावेत. कसोट्यांची मानके या मुलांना धरून, त्यांच्या बोलीत नव्याने बांधली जावीत. नाशिकच्या महाविद्यालयांनी हे काम हाती घेतले तर त्यांना लांब जावे लागणार नाही. आणि आपल्या मुलामुलींनी या विषयाला प्रवेश घ्यावा, केवळ अर्ज भरणारे विद्यार्थी म्हणून नव्हे, तर उद्याचे परीक्षक आणि मानककर्ते म्हणून.

शेवटची मागणी अगदी लहान आहे आणि तिला खर्चही नाही. समुपदेशकाच्या नोंदपत्रात मुलाचे नाव, वय, बुद्ध्यंक, कौटुंबिक पार्श्वभूमी असे रकाने असतात. त्या सर्वांच्या आधी एक रकाना छापावा : या मुलाशी शाळा कशी वागली? तो भरल्याशिवाय न्यूनगंड हा शब्द कोणाच्याही नावापुढे लिहिता येऊ नये.