कोपेनची रेषा

व्लादिमीर कोपेन मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १९०० साली त्यांनी पृथ्वीचे हवामान-विभाग पाडले ते वनस्पतींस साक्षीदार मानून. ही दृष्टी आम्हांस आजही मोलाची वाटते; आमचा आक्षेप आहे तो पुढे रूढ झालेल्या आकडेमोडीवर.

त्या नियमानुसार उष्ण प्रदेशात काही महिने कोरडे गेले, तरी वर्षाचा पाऊस २५०० मिलिमीटरांवर असला की तो 'मोसमी' विभागात बसतो. पणजी अशीच बसते. यामागील गृहीत हे, की पावसाळ्यात मुरलेले पाणी रानास उन्हाळाभर पुरते. परंतु पाणी मुरविण्यास साह्य करते ते रानच! डोंगर उघडा पडला, की पाणी ओहोळांवाटे समुद्रास मिळते आणि देवळाची तळी वैशाखापूर्वीच तळ दाखवू लागते. नकाशावरील विभाग मात्र बदलत नाही. साक्षीदार गेला, निवाडा तेवढा उरला.

तात्पर्य, पाऊस किती पडला एवढेच मोजून भागणार नाही. तो भूमीत किती काळ टिकला, हेही मोजले पाहिजे. त्या मोजणीचा आरंभ आपल्या देवरायांतील झऱ्यांपासून व्हावा, असे आम्ही सुचवितो.