वाजंत्र्यांचे मेंडोलिन

वाळूजला आमच्या गल्लीत लग्नसराईच्या दुपारी काही ऐकायचे म्हटले की दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. अशाच एका दुपारी मी झेव्ह फेल्डमन आणि अँडी स्टॅटमन यांची ‘ज्यूइश क्लेझमर म्युझिक’ ही १९७९ ची ध्वनिमुद्रिका ऐकत होतो. फेल्डमन तीत त्सिंबल वाजवतात. हे आपल्या संतूरच्या कुळातले, काड्यांनी वाजवायचे वाद्य. स्टॅटमन कधी क्लॅरिनेट घेतात, कधी मेंडोलिन. बाहेर परण्या निघाला होता, पुढे बेंजो पार्टीची गाडी. खिडकी लावायला उठलो तेव्हा क्षणभर आतले वाद्य कोणते आणि बाहेरचे कोणते, हे मला कळेना. दोन्हीकडे धातूच्या तारा, दोन्हीकडे नखीचे भरभर आघात, दोन्हीकडे लग्नाची चाल. मी खिडकी लावली. आत संगीत आणि बाहेर गोंगाट, ही वाटणी मी किती सहज करून टाकली होती, ते पुढे काही महिन्यांनी ध्यानात आले. त्या वाटणीची तपासणी म्हणून हे टिपण लिहितो आहे.

‘क्लेझमर’ हा शब्द हिब्रूतल्या ‘क्ली झेमेर’वरून आला. अर्थ साधा आहे, गाण्याचे साधन, वाद्य. पूर्व युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंमध्ये पुढे तो वाद्यावरून वाजवणाऱ्याला चिकटला, आपल्याकडे ‘वाजंत्री’ शब्दाने वाजवणाराही ओळखला जातो तसा. जेरुसलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर शोकाची खूण म्हणून धर्मपंडितांनी वाद्यवादनावर बंधने घातली, पण लग्नात वाद्ये चालत. त्यामुळे क्लेझमर हा प्रामुख्याने लग्नाचा माणूस राहिला. त्याच्याबरोबर ‘बादखन’ असे. हा शीघ्रकवी नवरीला बसवून तिच्या पुढच्या संसाराबद्दल यमकांत बोलत बोलत तिला रडवी. आमच्याकडची मंगलाष्टके माहेरची आठवण काढू लागली की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात, त्यांना हा बादखन परका वाटू नये. वाजंत्र्याला सामाजिक मान बेताचाच होता. नोटेशन वाचणाऱ्या, नाट्यगृहात नोकरी करणाऱ्या वादकांच्या तोंडी ‘क्लेझमर’ ही जवळजवळ शिवी होती. एका संगीतप्रकाराचे नाव म्हणून हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेत, १९७० नंतर, आणि रूढ करणाऱ्यांत फेल्डमन आणि स्टॅटमन आघाडीवर होते. ज्याला आपण जुन्या संगीताचे जुने नाव समजतो ते नाव माझ्या पिढीच्या हयातीतले आहे.

मेंडोलिनचेही तसेच. व्हायोलिन, त्सिंबल, खर्जाचे तंतुवाद्य, लाकडी बासरी आणि नंतर क्लॅरिनेट, हा जुन्या लग्नाच्या ताफ्याचा सरंजाम. त्यात मेंडोलिनला फारशी जागा नव्हती. मूळ इटलीतले हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घराघरांत पोचले, तसे ते ज्यू घरांतही पोचले. स्वस्त, हलके, वीसजणांना एकत्र शिकवता येणारे. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि सुरावट व्हायोलिनचीच. त्यामुळे व्हायोलिनवर बसलेली बोटे त्यावर लगेच चालतात. न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रायहाइट’ या डाव्या विचारांच्या यिद्दिश दैनिकाच्या वर्तुळात १९२४ साली उभा राहिलेला मेंडोलिन वाद्यवृंद आजही ‘न्यूयॉर्क मेंडोलिन ऑर्केस्ट्रा’ या नावाने वाजतो. सुरुवातीच्या वादकांत दिवसा शिलाईच्या मशीनवर बसणारे कामगार होते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याला हे चित्र ओळखीचे आहे. बजाजनगरच्या खोल्यांतून दुसरी पाळी सुटल्यावर चालणारी भजनी मंडळे, आषाढीला छोट्या पंढरपुराकडे निघणाऱ्या दिंड्या, यांतले टाळ-मृदंग वाजवणारे हातही दिवसा यंत्रावरच असतात.

म्हणजे मेंडोलिन हे ज्यू परंपरेतले मुळचे वाद्य नव्हे. तिथे ते पाहुणे म्हणून आले आणि त्याला ज्यू उच्चार शिकावा लागला. तो कसा शिकला, हे स्टॅटमनच्या हातात ऐकू येते, आणि माझ्या मते त्या १९७९ च्या मुद्रिकेचे खरे मोल तिथेच आहे.

या संगीतातली एक प्रमुख स्वरपंक्ती ‘अहावा रब्बा’ किंवा ‘फ्रेगिश’ या नावाने ओळखली जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. हे वसंतमुखारीचे स्वर झाले. ऐकणाऱ्याने मात्र तेवढ्यावर वसंतमुखारी शोधू नये, कारण षड्जाखाली उतरल्यावर धैवत पुष्कळदा शुद्ध होतो आणि आपला राग मोडतो. स्वरांपेक्षा महत्त्वाचे आहे ते स्वर सोडताना येणारे ‘क्रेख्त्स’. यिद्दिशमध्ये याचा अर्थ कण्हणे. स्वर संपता संपता वरच्या स्वराला निसटता स्पर्श होतो आणि आवाज गळ्यात अडकल्यासारखा तुटतो. प्रार्थना म्हणणाऱ्याच्या गळ्यातून ते व्हायोलिनमध्ये आले, तिथून क्लॅरिनेटमध्ये. व्हायोलिनला गज आहे, क्लॅरिनेटला श्वास आहे. मेंडोलिनकडे दोन्ही नाहीत. तार छेडली की आवाज विरू लागतो आणि पडद्यांमुळे घसरणेही अवघड.

मराठी कानाला मेंडोलिन मुख्यतः हिंदी चित्रपटांतून ठाऊक आहे. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनवादक होते. सज्जाद हुसेन यांनी तर या पडद्यांच्या वाद्यावर तार खेचून मींड काढली, रागदारी वाजवली. सज्जाद यांचा मार्ग वाद्याला गायला लावण्याचा होता. स्टॅटमन दुसरीकडून जातात. ते मूळचे ब्लूग्रासचे. डेव्हिड ग्रिसमन यांच्याकडे मेंडोलिन शिकलेले. मग पंचविशीच्या आसपास ते डेव्ह टारास या वृद्ध क्लॅरिनेटवादकाकडे गेले. टारास युक्रेनमधल्या वाजंत्र्यांच्या घराण्यातले, १९२१ मध्ये अमेरिकेत आलेले. त्यांच्याकडे शिकलेले क्लॅरिनेट स्टॅटमनच्या मेंडोलिनमध्ये उतरले आहे. नेपल्सच्या पद्धतीने लांब स्वर नखीच्या सततच्या कंपाने भरून काढायचा मोह ते टाळतात. स्वर विरू देतात. जिथे क्लॅरिनेटवादक श्वास घेईल तिथे नखी थांबते, आणि क्रेख्त्ससाठी डावे बोट वरच्या पडद्यावर आपटून लगेच उचलले जाते. अर्धवट, दबलेला आवाज येतो. वाद्याच्या दुबळेपणातूनच ते कण्हणे साधले आहे. मी हे घरी करून पाहायला गेलो तेव्हा कळले की बोट उचलण्याचा क्षण चुकला तर ते फक्त चुकीचा स्वर लागल्यासारखे वाटते.

सोळा वर्षांनी, १९९५ मध्ये, गुरू-शिष्यांनी मिळून ‘साँग्ज ऑफ अवर फादर्स’ काढली. ती अधिक लोकप्रिय आहे. वादन नितळ आहे, आवाज लख्ख टिपलेला आहे, आणि तरी मला ती कमी पटते. सगळे इतके हळुवार आणि आदरपूर्वक वाजते की आपण देवघरात बसलो आहोत असे वाटत राहते. लग्नघर कुठेच नाही. वडिलांची गाणी मुलगे जपून हाताळत आहेत, त्यांत नाचणारे वडील मात्र दिसत नाहीत. अवी अविताल या इस्रायली वादकाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्याने २०१४ च्या ‘बिटवीन वर्ल्ड्स’मध्ये अर्नेस्ट ब्लॉख यांची ‘निगुन’ घेतली आहे. ब्लॉख यांनी ती १९२३ मध्ये व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिली. अवितालचे तंत्र थक्क करणारे आहे. पण स्टॅटमनने जी उणीव वापरून घेतली ती हा हरवून टाकतो. त्याच्या मेंडोलिनला काही कमी आहे असे वाटतच नाही. मग कण्हायचे कशासाठी?

अवितालच्या शिक्षणाची हकीकत मात्र मला फार आवडते, आणि तिच्यामुळेच मी पुन्हा मराठीकडे वळलो. तो बेरशेबाचा. तिथे रशियातून आलेले सिम्हा नाथानसन हे व्हायोलिनवादक मुलांचा मेंडोलिन वाद्यवृंद चालवीत आणि व्हायोलिनचे साहित्य मेंडोलिनवर शिकवीत. बेरशेबा हे नाव वाचून मी थांबलो. कारण हेच गाव, शेजारच्या दिमोनासारखे, मराठी बोलणाऱ्या ज्यूंचेही आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, दिवेकर, केहीमकर, पेणकर, नवगावकर, १९४८ नंतर इस्रायलला गेले त्यांतले अनेक या वाळवंटी गावांत वसवले गेले. वागणुकीला कंटाळून त्यांतले काहीजण धरणे धरून १९५२ मध्ये भारतात परतलेही. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्या लग्नांवरच प्रश्न उभा राहिला. इतर ज्यूंशी लग्न करायचे तर आधी वंशावळ तपासा, असा प्रमुख धर्मगुरूंच्या कार्यालयाचा आदेश निघाला. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला, ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे म्हणावे लागले.

माणसांच्या बाबतीत जे संसदेत मिटले ते संगीताच्या बाबतीत मिटलेले नाही. कोकणात या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मराठी कीर्तन आपलेसे केले. अब्राहम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी कीर्तनात रुळलेल्या वृत्तांत आणि चालींत रचल्या गेल्या, मुंबईत सादर झाल्या, छापल्या गेल्या. मलिद्याच्या वेळी, गोड पोह्यांच्या ताटाभोवती, एलियाहू हन्नबीचे स्तवन होते. घरच्या समारंभांतल्या गाण्यांना साथ हार्मोनियमची आणि बुलबुलतरंगाची. ॲना शुल्ट्झ या अमेरिकन अभ्यासिकेने आधी राष्ट्रीय कीर्तनावर ग्रंथ लिहिला आणि मग बेने इस्राएल स्त्रियांच्या मराठी गाण्यांकडे मोर्चा वळवला, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. कीर्तन कळल्याशिवाय ही गाणी कळणार नाहीत.

पण आपण काय म्हणतो? मी स्वतः कितीदा म्हटले आहे: क्लेझमर हे ‘ज्यू संगीत’, आणि बेने इस्राएलांचे कीर्तन म्हणजे ज्यूंवर ‘मराठी प्रभाव’. याच मापाने मोजायचे तर क्लेझमरवर रुमानियन, युक्रेनी, तुर्की प्रभाव आहेत, मेंडोलिन इटालियन आहे, क्लॅरिनेट जर्मन आहे. फेल्डमन यांच्या २०१६ च्या ‘क्लेझमर: म्युझिक, हिस्टरी अँड मेमरी’ या ग्रंथात मोल्डावियाच्या वादकांशी झालेल्या देवघेवीचा विस्ताराने विचार आहे, आणि त्यामुळे कुणी क्लेझमरला कमी ज्यू ठरवत नाही. युरोपातल्या ज्यूने शेजाऱ्याकडून घेतले तर ती घडण, कोकणातल्या ज्यूने घेतले तर ती भेसळ! वंशावळ तपासणारा कारकून टीकाकाराच्या टेबलावर अजून बसलेला आहे, आणि माझ्या टेबलावर तो बरीच वर्षे बसला होता.

एक फरक खरा आहे, तो लपवत नाही. क्लेझमरकडे शब्द नाहीत, सगळा भार स्वरावर आहे. म्हणून त्याचा ज्यूपणा क्रेख्त्समध्ये शोधावा लागतो. कीर्तनात तो कथेत आहे, गळा मराठीच राहिला तरी चालतो. म्हणून दोन्हींना एकाच कानाने ऐकता येत नाही. एक श्रेष्ठ आणि दुसरे दुय्यम, असे मात्र त्यातून निघत नाही.

आता बुलबुलतरंगाबद्दल. जपानमध्ये १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. ते समुद्रमार्गे इकडे आले आणि बुलबुलतरंग झाले. त्यालाच वीज जोडून, गाडीवर चढवून, हलगी आणि कॅसिओच्या संगतीत आमच्याकडे ‘बेंजो’ म्हणतात. म्हणजे ज्या वाद्याच्या आवाजावर मी खिडकी लावली, त्याचेच साधे रूप कोकणी ज्यूंच्या गाण्यांना साथ करीत आले आहे. आणि मी आत बसून, ज्यू लग्नाचे संगीत म्हणून, न्यूयॉर्कचे मेंडोलिन ऐकत होतो.

आमच्या गल्लीतच एक बेंजोवाला राहतो. दिवसा कंपनीत कंत्राटी, सिझनमध्ये पार्टीत. त्याला मी १९७९ च्या मुद्रिकेतला एक तुकडा ऐकवला. “काका, कोणत्या पिच्चरचं आहे हे?” त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता बेंजो मांडीवर घेतला. कोमल ऋषभ त्याला लगेच सापडला. क्रेख्त्सपाशी अडला. बेंजोवर कळ दाबली की स्वर ठाम लागतो, बोटाखाली तारच येत नाही, दाबून धरायचे काय? त्याने तीन-चारदा ऐकले. मग डाव्या हाताने वरची कळ अर्धवट दाबून सोडली आणि त्याच वेळी उजव्या तळव्याने तारा झाकल्या. खट् असा बुजका आवाज आला. चौथ्या-पाचव्या वेळी तो कण्हल्यासारखा झाला. “हे परण्यात चालणार नाही,” तो म्हणाला, “नवरी निघताना चालेल.”