वाणिज्य महाविद्यालयांची जुनी वार्षिके

वाणिज्य महाविद्यालयांची जुनी वार्षिके चाळू लागताच त्यांचा ठराविक साचा ध्यानात येतो : प्राचार्यांचे मनोगत, बसलेल्या-उभ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे, मग भाषावार विभाग. निपाणी कर्नाटकात, तर तिला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात. अशा या सीमाभागात मराठी आणि कन्नड मजकूर एकाच पुठ्ठ्यात बांधला जावा, हा आम्ही मोठाच गुण मानतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने वेगळे केलेले तेथे शेजारी नांदते.

दोष आहे तो विषयांच्या निवडीत. १९१३ मध्ये मुंबईत सिडनम महाविद्यालय निघाले आणि व्यापार हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला. पण वार्षिकांत चंद्र आणि विरहच अधिक. ज्या तंबाखूवर निपाणीची पेठ उभी राहिली, तिच्या वखारी, अडत, विडी वळणाऱ्या स्त्रियांची मजुरी यांवर लेख विरळा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी उठले, तेव्हा निपाणी देशभर गाजली. त्या भावाचे गणित मांडणे हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याचेच काम नव्हे काय?

देवस्थानच्या कीर्दीत तेलवातीचाही खर्च नोंदला जातो. हिशेब शिकविणाऱ्या संस्थेने आपल्या गावाचे पान कोरे ठेवावे, हे आम्हांस पटत नाही. छायाचित्राखालची नावे पुढे ओळख पटविण्यास पुरतील. साक्षीला मात्र मजकूरच लागतो.